भाज्याची अनामिक कथा

मळवली स्टेशनावर उतरून भाज्याचा डोंगर चढलें कीं प्रथम चैत्यगृहाची विशाल कमान समोर येते. बहुतेकांचें लेणें पाहणें तेथेंच संपतें. परंतु तेथून दक्षिणेकडे, १४ स्तूपांचा समूह ओलांडून गेल्यावर, एक लहानसा विहार लागतो. त्याच्या ओसरीच्या एका टोकाशीं, खोलीच्या दाराच्या दोन अंगांना, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोणा शिल्पकारानें दोन चित्रें कोरून ठेविलीं आहेत. त्यांत एखादी कथा आहे कीं नाहीं, आणि असल्यास ती कोणाची, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

डाव्या चित्रांत चार घोड्यांचा रथ आहे. रथांत एक पुरुष व दोन स्त्रिया. एकीच्या हातीं छत्र, दुसरीच्या हातीं चवरी. रथाखालीं बेढब, अजस्र देह पसरलेले. उजवीकडे सगळी भिंत व्यापणारा हत्ती. सोंडेत उपटलेलें झाड, पाठीवर भव्य पुरुष आणि त्याच्या मागें ध्वज घेतलेला सेवक. त्या हत्तीखालीं एक छोटें जगच वसलें आहे : कठडा बांधलेलीं झाडें, आसनावर बसलेला राजपुरुष, त्याच्यापुढें नाचणारी स्त्री आणि धनुष्याकृति वीणा वाजविणारी तिची जोडीदारीण.

आनंद कुमारस्वामींनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कलेच्या इतिहासांत हे दोघे देव मानिले : एक दैत्यांच्या देहांवरून रथ हांकणारा सूर्य, दुसरा ऐरावतावरचा इंद्र. हें मत पुष्कळ काळ रूढ होतें. पुढें १९५० च्या सुमारास ज्ञानी या अभ्यासकांनीं निराळाच अर्थ लाविला. त्यांच्या मतें ही ‘दिव्यावदाना’तील मांधात्याची कथा होय. या राजानें पृथ्वी जिंकिली, उत्तरकुरूंचा वृक्षांनीं वस्त्रें पुरविणारा देश पाहिला, असुरांशीं युद्ध केलें, स्वर्गांत इंद्राच्या अर्ध्या आसनावर बसण्याचा मान मिळविला. आणि उरलेल्या अर्ध्याचा लोभ धरतांच तो खालीं कोसळला.

हा वाद केवळ नांवांचा नाहीं. सूर्य व इंद्र म्हटले कीं दारापाशीं दोन देवांच्या प्रतिमा उरतात. मग हत्तीखालची ती नर्तकी, तीं झाडें, तो राजपुरुष तेथें कां, याचा उलगडा नीट होत नाहीं. मांधाता म्हटला कीं दोन्ही चित्रांतला पुरुष एकच ठरतो, आणि एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातांना काळ पुढें सरकतो. कादंबरीकाराला यासाठीं ‘त्यानंतर’ हा एक शब्द पुरतो. शिल्पकारापाशीं तो शब्द नव्हता. त्यानें नायक प्रचंड केला, भोंवतालचें जग बाहुल्यांएवढें केलें, आणि क्रम पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोंपविला. झाडांकडे पाहतां मांधात्याचा पक्ष अधिक पटतो. पण रथाखालच्या दैत्यांना सूर्यहि तितकाच शोभतो, हें मान्य केलें पाहिजे.

भारहुतच्या शिल्पकारांना ही अडचण ओळखीची असावी. तेथें अनेक जातकांच्या चित्रांवर ब्राह्मी अक्षरांत कथेचें नांवच कोरलेलें आहे, म्हणून तीं आज निःशंक ओळखतां येतात. सावंतवाडीकडील पिंगुळीच्या चित्रकथींनीं वेगळा उपाय केला. ते सुट्या चित्रांची पोथी पुढें ठेवून एकेक चित्र उभें धरतात व वाद्यांच्या साथीवर त्याची कथा गातात. रामायण-महाभारतांतले प्रसंग रंगांत असतात. ‘मग काय झालें’ हें मात्र गाणाऱ्याच्या कंठांत असतें. भाज्यालाहि पावसाळ्याच्या मुक्कामांत भिंतीकडे बोट दाखवून कथा सांगणारा कोणी भिक्षु असला पाहिजे, असा तर्क सहज मनांत येतो. तो गेला आणि चित्रें मुकीं झालीं.

भाज्याला अक्षर कोरणारे नव्हते असें नाहीं. पाण्याच्या एका टाक्यावर तें दान करणाऱ्या महारठी विण्हुदताचें नांव आहे. वाटेवरच्या स्तूपांपैकीं कांहींवर धम्मगिरि, संघदिन अशा स्थविरांचीं नांवें आहेत. हत्तीच्या आणि रथाच्या चित्रांपाशीं मात्र कथेचें नांव सांगणारें एक अक्षर नाहीं.