चिलटाचे पंख आणि तेलाची टाकी

पारोळ्याच्या किल्ल्याभोवतीच्या खंदकात पावसाळ्यात पाणी साचले म्हणजे त्यावर चतुर फिरू लागतात. चतुर हवेत एका जागी उभा राहतो, मागे सरकतो आणि वाऱ्याची झुळूक आली तरी जागा सोडीत नाही. 1727 साली बांधलेल्या या किल्ल्याच्या इतिहासात त्याची नोंद नाही, हे उघडच आहे. उडत्या यंत्रांच्या इतिहासात मात्र ती आहे, आणि तीही एका फजितीच्या निमित्ताने.

1970 नंतरच्या दशकात अमेरिकेच्या सी. आय. ए. या हेरखात्याने दुसऱ्यांचे बोलणे चोरून ऐकण्याच्या कामी एक यांत्रिक कीटक तयार करविला. प्रथम भुंग्याचा विचार झाला. पण त्याचे उडणे फार वेडेवाकडे, म्हणून चतुराचे रूप घेतले. लांबी 6 सेंटिमीटर, वजन 1 ग्रॅम, उड्डाण 60 सेकंद. यंत्र उडाले, पण थोडा आडवा वारा सुटला की ते हाती राहीना. बेत सोडून द्यावा लागला आणि तो चतुर संग्रहालयात जाऊन बसला.

असे का व्हावे? कीटक हवेत कसा तरतो हेच तेव्हा पुरते उमगलेले नव्हते. 1934 साली आंत्वान मान्याँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने विमानाचे हिशेब कीटकाला लावून त्याचे उडणे अशक्य ठरविले होते. कीटक अर्थातच उडत राहिले.

उलगडा पुढे झाला तो तेलाच्या टाकीत. अमेरिकेत बर्कले येथे मायकेल डिकिन्सन, फ्रिट्झ-ओलाफ लेमान आणि संजय साने या तिघांनी, पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटाचे पंख 25 सेंटिमीटर लांबीचे करून खनिज तेलात हलविले. चिलट सेकंदात सुमारे 200 वेळा पंख मारते. हा पंख एका फडकाऱ्याला सहासात सेकंद घेई. दाट तेलात संथपणे हलणाऱ्या मोठ्या पंखाभोवतीचे प्रवाह हवेतल्या चिमुकल्या पंखाभोवतीच्या प्रवाहांशी जुळतात, ही त्यातली युक्ती. 1999 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पंख दर फेरीअखेर उलटा वळतो तेव्हा, आणि आपणच मागे ढवळलेल्या प्रवाहातून परत जातो तेव्हाही, उचल मिळवितो. विमानाच्या ताठ पंखाला हे साधत नाही.

साने हे आडनाव खानदेशाला नवे नाही. शेजारच्या अमळनेरात साने गुरुजींनी मुलांना शिकविले. (दोघांचे नाते आम्ही जोडीत नाही, आडनाव ऐकून मन तिकडे गेले इतकेच.) संजय साने यांनी सहकाऱ्यांसह 2007 साली दाखविले की, पतंगाच्या मिशा कापल्या तर त्याचा तोल जातो आणि त्याच मिशा पुन्हा चिकटविल्या की बराचसा परततो. मिशी म्हणजे नुसते वासाचे इंद्रिय नव्हे, तोलाचेही आहे. पुढे बंगळुरास राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात त्यांच्या गटाने माशीच्या पंखांचा आणि त्यांमागील गदेसारख्या दांड्यांचा ताल छातीच्या कवचातूनच कसा जुळविला जातो, हे 2015 साली मांडले.

हार्वर्डच्या रॉबर्ट वूड यांची यंत्रमाशी 2013 साली ताब्यात राहून उडाली; वजन 80 मिलिग्रॅम, पण वीज तारेतून यायची. 2019 साली तार सुटली. डोक्यावर प्रखर दिवे लावून त्यांच्या उजेडावर ती उडाली, आणि तेही एक सेकंदभर नाही. शेतातली मधमाशी थेंबभर मधुरसावर मैलभर जाऊन येते.

अशा यंत्रांनी पुढेमागे परागीभवन होईल, अशी भाषा या संशोधनासोबत नेहमी ऐकू येते. आम्हांला ती ऐकताना आमच्याकडील कांद्याचे बियाणे आठवते. डोंगळे लावून, माघ-फाल्गुनात पांढरे गोंडे फुलले की माशी हवी. माशी फिरली नाही तर गोंडा दिसायला भरदार आणि आत दाणे थोडे. काही शेतकरी त्यासाठी मधमाशांच्या पेट्या आणून ठेवतात, कोणी गुळाचे पाणी शिंपडतात. माशी सकाळच्या उन्हात फुलांवर असते आणि मजूर मिळतात तेही सकाळीच. म्हणून फवारणीचा पंप नेमका त्याच वेळी पाठीवर चढतो. ही वेळ दिवस कलल्यावर न्यावी, असे शेतीतले जाणकार सांगत आले आहेत. संध्याकाळच्या मजुरीचे कसे करायचे, याचा तोडगा मात्र अजून बांधाबांधावर शोधला जात आहे.