विधी प्रवेश परीक्षा : कसोटी पाठांतराची नव्हे, वाचनाची

बारावीनंतर पाच वर्षांचे विधी शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांना देशातील बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत ‘क्लॅट’ या सामायिक परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. ही परीक्षा २००८ मध्ये सात विद्यापीठांसाठी प्रथम घेण्यात आली. दिल्लीतील राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र ‘आयलेट’ ही स्वतंत्र परीक्षा घेते.

२०२० मध्ये ‘क्लॅट’चे स्वरूप बदलले आणि स्मरणशक्तीवरील प्रश्नांची जागा उताऱ्यांवरील प्रश्नांनी घेतली. २०२४ च्या परीक्षेपासून दोन तासांत १२० प्रश्न सोडवावे लागतात. चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. इंग्रजी, चालू घडामोडी, विधिविषयक तर्क, तर्कशक्ती व गणित असे पाच विभाग असतात. कायद्याचे पूर्वज्ञान आवश्यक नसते. उताऱ्यातील नियम दिलेल्या प्रसंगास लावता आला पाहिजे.

प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असल्याने मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची खरी कसोटी वाचनाच्या वेगात लागते. त्यांनी रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा आशय दोन वाक्यांत लिहावा, तसेच जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात. चुकलेल्या प्रश्नांची नोंद ठेवणेही उपयुक्त ठरते.

महाराष्ट्राच्या विधी सामायिक प्रवेश परीक्षेत मराठीचा पर्याय आहे. तथापि, ती राज्यातील विधी महाविद्यालयांसाठी असते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’च द्यावी लागते. हा भेद अर्ज भरण्यापूर्वीच ध्यानात घेतला पाहिजे.