डाउनलोडपूर्व फाइल-आकार

दूरच्या संगणकावरची फाइल आपल्या यंत्रात उतरवून घेण्याआधी ती किती बाइटांची आहे हे विचारण्याच्या पद्धती. फाइलीतला मजकूर न मागवता फक्त तिची लांबी मागायची, एवढेच त्यांचे सूत्र. मिळणारे उत्तर हे सर्व्हरचे निवेदन असते, आपण केलेले मोजमाप नव्हे. हा भेद सहसा लक्षात घेतला जात नाही आणि या विषयातल्या बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात.

गरज : वेळ, डेटाचा खर्च आणि जागा या तीन गोष्टींसाठी आकडा आधी हवा असतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतरची बरीच वर्षे जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होई आणि फोनचे बिल वेगळे चढे. २८.८ किलोबिटांच्या मोडेमवर ५ मेगाबाइटांची, म्हणजे ५२,४२,८८० बाइटांची फाइल यायला निव्वळ गणिताने २४ मिनिटे लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागत आणि तेवढ्यात आतल्या खोलीत कोणी रिसीव्हर उचलला की सगळे पहिल्यापासून. जागेचा प्रश्न आजही आहे. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४,२९,४९,६७,२९५ बाइटांहून मोठी एकच फाइल बसत नाही, मग त्यावर ३० गिगाबाइट जागा मोकळी असली तरी. तासभर उतरवलेला चित्रपट कॉपी करताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप येतो तो यामुळे.

पूर्वेतिहास : वॉर्ड क्रिस्टेन्सन यांच्या एक्समोडेम (१९७७) या पद्धतीत आकार सांगण्याची सोय नव्हती. फाइल १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत येई आणि शेवटचा ठोकळा अपुरा पडला तर भरताड घालून पुरा केला जाई. परिणामी उतरलेली फाइल मुळापेक्षा थोडी लठ्ठ निघे. चक फोर्सबर्ग यांच्या वायमोडेममध्ये मजकुराआधी एक शून्य क्रमांकाचा ठोकळा आला. त्यात फाइलीचे नाव आणि लांबी असे, म्हणून घेणाऱ्याला भरताड छाटता येऊ लागले. आकार आधी कळवण्याचे हे प्रारंभीचे उदाहरण असले, तरी हेतू वापरणाऱ्याची सोय हा नव्हता, फाइल बिनचूक कापणे हा होता.

एफटीपी : फाइल-हस्तांतरणाच्या या पद्धतीचा पहिला मसुदा (आरएफसी या इंटरनेटविषयक दस्तऐवजांच्या मालिकेतला क्रमांक ११४, एप्रिल १९७१) आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी अभय भूषण यांनी एमआयटीत असताना लिहिला. ऑक्टोबर १९८५च्या आरएफसी ९५९ या प्रमाणातही आकार विचारणारी आज्ञा नाही. ‘एलो’ ही आज्ञा आहे, पण ती उलट दिशेची : पाठवणारा सर्व्हरला सांगतो की एवढी जागा राखून ठेव. उतरवणाऱ्याला यादी मागवून तिच्यातला आकड्यांचा रकाना वाचावा लागे आणि यादीचा साचा प्रत्येक सर्व्हरचा निराळा. ‘साइझ’ ही आज्ञा सर्व्हरांनी आधीपासूनच राबवायला घेतली होती. तिला प्रमाणाचा दर्जा मिळाला तो मार्च २००७मध्ये, आरएफसी ३६५९ने. उत्तर २१३ या क्रमांकासह येते.

या आज्ञेतली एक गोम अशी, की आकार हस्तांतरणाच्या प्रकारावर अवलंबून असतो. मजकूर-प्रकारात प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन चिन्हे पाठवावी लागतात. युनिक्सवर मात्र ओळ एकाच चिन्हाने संपते. त्यामुळे हजार ओळींची फाइल मजकूर-प्रकारात हजार बाइटांनी मोठी भरते. तो आकडा सांगण्यासाठी सर्व्हरला अख्खी फाइल वाचून ओळी मोजाव्या लागतात, म्हणून काही सर्व्हर त्या प्रकारात उत्तर द्यायचेच नाकारतात. २०२१मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीचा आधार काढून टाकला.

एचटीटीपीतील व्यवस्था : एचटीटीपी या वेबच्या हस्तांतरण-पद्धतीच्या अगदी पहिल्या आवृत्तीत (०.९) हेडर, म्हणजे उत्तराच्या डोक्यावरच्या माहितीच्या ओळी, नव्हते. सर्व्हर मजकूर ओतत राही आणि जोडणी बंद केली की संपले असे समजायचे. मे १९९६च्या आरएफसी १९४५मध्ये (आवृत्ती १.०) ‘हेड’ ही विनंती आणि ‘कन्टेन्ट-लेंग्थ’ हा हेडर नोंदला गेला. सध्याची व्याख्या जून २०२२च्या आरएफसी ९११०मध्ये आहे.

‘गेट’ म्हणजे फाइल दे. ‘हेड’ म्हणजे फाइल दिली असतीस तर तिच्या डोक्यावर काय लिहिले असतेस तेवढेच दे. कर्ल या आज्ञावलीत मोठ्या आय-अक्षराचा पर्याय देऊन दुवा लिहिला की ही विनंती जाते आणि पडद्यावर दहा-बारा ओळी येतात : पहिली ओळ स्थितीची (२०० म्हणजे ठीक), मग तारीख, सर्व्हरचे नाव, फाइलीचा प्रकार आणि त्यांतच कुठेतरी ‘कन्टेन्ट-लेंग्थ : ५२४२८८०’. आकडा नेहमी बाइटांत असतो. स्वल्पविराम नाही, एकक नाही. डब्ल्यूगेट या दुसऱ्या आज्ञावलीत हेच काम ‘स्पायडर’ या पर्यायाने होते. तिथे पूर्ण आकड्याशेजारी कंसात गोळाबेरीजही छापून येते. आकडा नसेल तर ‘अनस्पेसिफाइड’.

नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते. दुवा थेट फाइलीचा नसून पुढे ढकलणारा असतो. स्थिती ३०२ येते आणि खाली लांबी शून्य किंवा दोन-तीनशे बाइट दिसते. ती त्या ‘इथे नाही, तिथे जा’ अशा चिठ्ठीची लांबी असते. कर्लला चिठ्ठीमागून जायला मुद्दाम सांगावे लागते.

काही सर्व्हर ‘हेड’ला ४०५ (ही रीत चालत नाही) असे उत्तर देतात. मेघ-साठवणीतले सहीचे तात्पुरते दुवे तर विनंतीच्या प्रकारासह सही केलेले असतात. ‘गेट’साठी दिलेल्या दुव्यावर ‘हेड’ पाठवली की ४०३ येतो आणि फाइलच नाही असा गैरसमज होतो. अशा वेळी तुकडा मागण्याची युक्ती वापरतात. ‘रेंज’ हेडरमध्ये फक्त शून्य ते शून्य, म्हणजे पहिला एकच बाइट मागायचा. सर्व्हरला तुकडे देणे जमत असेल तर स्थिती २०६ येते आणि ‘कन्टेन्ट-रेंज : बाइट्स ०-०/५२४२८८०’ अशी ओळ मिळते. तिरप्या रेघेनंतरचा आकडा पूर्ण फाइलीचा. तिथे तारका असेल तर एकूण लांबी सर्व्हरलाही ठाऊक नाही. तुकडे देणे जमत नसेल तर २०० या स्थितीसह अख्खी फाइल वाहू लागते, तेव्हा जोडणी लगेच तोडण्याची तयारी ठेवावी.

आकडा का मिळत नाही : पान मागणीनंतर जुळवले जात असेल, तर ते किती मोठे होणार हे सुरुवातीला कोणालाच माहीत नसते. १.१ आवृत्तीत त्यासाठी खंडशः प्रेषण आहे. प्रत्येक खंडाआधी त्याची लांबी सोळांच्या पाढ्यात, म्हणजे हेक्साडेसिमल अंकांत येते (‘४००’ म्हणजे १,०२४ बाइट) आणि शून्य लांबीचा खंड आला की समाप्ती. या पद्धतीत एकूण आकडा सांगितला जात नाही. खंडशः प्रेषणाची सूचना देणारा हेडर आणि ‘कन्टेन्ट-लेंग्थ’ हे दोन्ही एकत्र पाठवायला प्रमाणाची मनाई आहे. दोन सर्व्हरांनी त्यांपैकी वेगवेगळ्या हेडरांवर विश्वास ठेवला, की एका विनंतीच्या पोटात दुसरी दडवून पाठवता येते. हा हल्ला २००५पासून माहीत आहे. एचटीटीपी-२मध्ये (२०१५) शेवटच्या चौकटीवरच ‘प्रवाह संपला’ अशी खूण असते, त्यामुळे लांबी सांगणे आणखी ऐच्छिक झाले. ‘हेड’च्या उत्तरात लांबी द्यावीच का, याबाबत प्रमाणाने सर्व्हरला मोकळीक ठेवली आहे.

आकडा का चुकतो : सर्वांत सामान्य कारण म्हणजे वाटेतले संक्षेपण. ब्राउझरने जीझिप चालेल असे सांगितले तर सर्व्हर मजकूर दाबून पाठवतो आणि लांबी त्या दाबलेल्या मजकुराची सांगतो. तबकडीवर उतरल्यानंतर फाइल कितीतरी मोठी निघते.

दुसरे कारण इंग्रजी ग्रंथांत अर्ध्या ओळीत उरकले जाते, मराठी संकेतस्थळे चालवणाऱ्यांना मात्र त्याचा चांगलाच परिचय असतो. ‘कन्टेन्ट-लेंग्थ’ बाइट मोजतो, अक्षरे नव्हे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच चिन्हांचा, म्हणून १५ बाइटांचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्ट्रिंगची लांबी विचारली तर जावास्क्रिप्टसारखी भाषा ५ सांगते. तोच आकडा हेडरमध्ये गेला की ब्राउझर पाच बाइट वाचून थांबतो. ‘म’ पूर्ण उमटतो, ‘र’चे तीनांपैकी दोन बाइट येतात आणि त्यांच्या जागी चौकोनातले प्रश्नचिन्ह. पुढचा मजकूर गायब. चाचणी इंग्रजी मजकुरावर केलेली असते, तिथे पाच अक्षरे म्हणजे पाचच बाइट, त्यामुळे दोष दिसलेला नसतो. पान दोन-तृतीयांश कापले गेल्याची तक्रार आली की फॉन्टवर खापर फोडण्याची पद्धत आहे. फॉन्टचा यात काही संबंध नाही.

याच्या उलट, सांगितले जास्त आणि आले कमी असे झाले तर क्रोम ‘कन्टेन्ट-लेंग्थ मिसमॅच’ अशी त्रुटी दाखवतो आणि कर्ल १८ क्रमांकाच्या त्रुटीवर थांबते. जुन्या प्रोग्रामांत लांबी ३२ बिटांच्या चिन्हांकित संख्येत ठेवली जाई. २,१४,७४,८३,६४७ बाइटांच्या पुढे ती उलटून ऋण होई. उणे आकाराची फाइल उतरत असल्याचे दृश्य त्या काळी नवलाचे नव्हते.

संकुचित फाइली : उतरवण्याचा आकार आणि उलगडल्यानंतरचा आकार वेगळे. झिप फाइलीची अनुक्रमणिका तिच्या शेवटी असते आणि तीत आतल्या प्रत्येक फाइलीचे दोन्ही आकार नोंदलेले असतात. सर्व्हर तुकडे देत असेल, तर फक्त शेपटाकडचे काही किलोबाइट मागवून आत काय नि केवढे आहे हे पाहता येते. ही सोय फार कमी लोक वापरतात. नोंदीवर विसंबू नये याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘४२.झिप’ : उतरवायला सुमारे ४२ किलोबाइट, आतल्या झिपा एकात एक उलगडत गेल्यास साडेचार पेटाबाइट.

एकके : किलोबाइट १,०००चा की १,०२४चा हा वाद मिटलेला नाही. आयईसी या प्रमाणसंस्थेने १९९८मध्ये १,०२४साठी ‘किबिबाइट’ हे नाव दिले, ते बोलण्यात रुळले नाही. विंडोज १,०२४ने भागून केबी लिहिते. मॅक २००९च्या १०.६ आवृत्तीपासून १,०००ने भागतो. त्यामुळे ४.७ गिगाबाइटांची डीव्हीडी विंडोजवर ४.३८ दिसते. १.४४ मेगाबाइटांची फ्लॉपी तर दोन्ही हिशेबांत बसत नाही. तिच्यावर १४,७४,५६० बाइट मावत, म्हणजे १,४४० गुणिले १,०२४. निम्मा गुणाकार एका पाढ्याने, निम्मा दुसऱ्याने. सर्व्हरवरच्या उघड्या याद्यांतही फरक आढळतो : अपाची हा सर्व्हर आकाराची गोळाबेरीज करून के, एम अशी अक्षरे लावतो, एनजिनएक्स हा सर्व्हर मूळ मांडणीत पूर्ण बाइट छापतो.

इतर वाहिन्या : पॉप-३ टपालपद्धतीत (आरएफसी १९३९, १९९६) ‘लिस्ट’ आज्ञेने प्रत्येक पत्राची लांबी आधी कळते. बिटटोरंटच्या टोरंट-फाइलीत सर्व फाइलींचे आकार असतात. मॅग्नेट दुव्यात ते बहुधा नसतात, इतर सहभागींकडून तपशील येईपर्यंत वाट पाहावी लागते. आरएसएस २.०मध्ये ध्वनिफितीच्या जोडपत्रावर लांबी देणे बंधनकारक आहे. डेबियनची एपीटी प्रणाली किती उतरवणार आणि तबकडीवर किती जागा लागणार हे दोन्ही आकडे सांगून मगच परवानगी मागते. इतका प्रामाणिक व्यवहार अन्यत्र क्वचित दिसतो.

मोबाइल : व्हॉट्सॲपवर आपोआप उतरणे बंद ठेवल्यास चित्रावर वा व्हिडिओवर आकार दिसतो.

सरकारी संकेतस्थळे : राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेल्या भारत सरकारच्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक सूचना २००९मध्ये प्रसिद्ध झाल्या. उतरवून घेण्याच्या प्रत्येक दस्तऐवजाजवळ शीर्षक, आकार, फाइल-प्रकार आणि वापराची माहिती द्यावी अशी अपेक्षा त्यांत आहे. सरकारी पानांवर दुव्यापुढे कंसात पीडीएफ आणि केबी असा उल्लेख आढळतो तो त्यामुळे. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरील शासन निर्णयांच्या यादीत विभाग, शीर्षक, सांकेतांक आणि दिनांक यांच्या बरोबरीने फाइलीच्या आकाराचाही रकाना आहे. एचटीएमएलच्या प्रमाणात मात्र दुव्याला आकार जोडणारा गुणधर्म आजही नाही. त्यामुळे कंसातला आकडा पानाचा संपादक हाताने टाइप करतो किंवा संकेतस्थळाची प्रणाली भरते. हाताने टाइप केलेला आकडा मागची फाइल बदलली तरी तसाच राहतो.