जेऊरची दोन मिनिटे

२२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गाजवळ कोकण किनाऱ्यावर आला आणि घाट ओलांडून सोलापूर जिल्ह्यातून विदर्भाकडे गेला. करकंबच्या उत्तरेला, करमाळा तालुक्यात असलेले जेऊर या पट्ट्यात येत होते. गाव लहान, पण रेल्वेचे स्टेशन असलेले. त्यामुळे यंत्रांच्या जड पेट्या जवळपर्यंत आणता येत होत्या. शिवाय जानेवारीत या भागातले आभाळ बहुधा स्वच्छ असते. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल, टोकियोचे हिसाशी तेराओ आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या तुकड्यांनी ऐन प्लेगच्या काळात येथे तळ दिला.

भर दुपारी अंधार पडणार होता तो जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्यात काय टिपायचे, हे आधी ठरवल्याशिवाय भिंग निवडणे शक्य नव्हते. कॅम्पबेल यांना सूर्याच्या कडेलगतच्या प्रभामंडलातील बारीक तंतू हवे होते, म्हणून त्यांचा मुख्य कॅमेरा ४० फूट नाभीय अंतराचा होता. प्रतिमेचा आकार या अंतरावर ठरतो. ४० फुटांवर सूर्यबिंब सुमारे साडेचार इंच व्यासाचे उमटते. भिंगाचा व्यास मात्र पाचच इंच होता. आजच्या भाषेत हे छिद्र एफ/९६, म्हणजे फारच मंद. प्रभामंडलाचा आतला भाग चांगला तेजस्वी असल्यामुळेच ते चालले. बाहेरच्या फिकट भागासाठी आखूड नाभीय अंतराचे, जास्त प्रकाश गोळा करणारे कॅमेरे लागतात. शिवाय प्रभामंडलाचे तेज कडेपासून दूर जाताना झपाट्याने घटते. एकाच एक्स्पोजरमध्ये आतला भाग जळून जातो किंवा बाहेरचा उमटतच नाही. म्हणून ग्रहणाच्या छायाचित्रणात थोड्या आणि जास्त वेळाच्या प्रकाशसंवेदी काचा आलटून पालटून लावाव्या लागत. चुकलेली काच पुन्हा घेण्याची सोय नव्हती. कामांची वाटणी आणि तालमी यांना भिंगाइतकेच महत्त्व होते.

दुसरी अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. दोन मिनिटांत सूर्य आकाशात जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. ४० फुटी कॅमेऱ्यात ही सरक दहा सेंटीमीटरच्या आसपास भरते. एवढी लांब नळी सूर्यामागे फिरवणे अवघड होते. त्यामुळे नळी एकाच दिशेला पक्की बसवून, तळाशी असलेली काच घड्याळी यंत्राने रुळावरून सरकवली जाई. ही युक्ती साधी आणि फार सुंदर आहे. रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र घेणाऱ्याला आजही याच गणिताला सामोरे जावे लागते. २४ मिलिमीटरच्या भिंगात तारे इतके सावकाश सरकतात की तिपाईवरच्या स्थिर कॅमेऱ्याने वीसएक सेकंदांचे एक्स्पोजर घेता येते. पाचशेला नाभीय अंतराने भागून सेकंद काढण्याचा प्रचलित ठोकताळा त्यावरच बेतलेला आहे. २०० मिलिमीटरला तोच हिशेब अडीच सेकंदांवर येतो.

नायगमवाला यांचा रोख वर्णपटावर होता. खग्रास स्थिती सुरू होताना आणि संपताना काही क्षणच सूर्याच्या कडेचा वर्णपट तेजस्वी रेषांनी उजळतो. तो छायाचित्रात पकडणे हे त्यांच्या जेऊरच्या कामातील मोलाचे काम. याच दिवशी विजयदुर्ग किल्ल्यावर इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता. तिथल्या कट्ट्यावर हेलियम सापडल्याचे अजून सांगितले जाते, ते खरे नव्हे. हेलियमची रेषा १८६८ची आणि लॉकियर यांचे त्या वर्षीचे निरीक्षण इंग्लंडमधले.

कॅम्पबेल यांचा ४० फुटी कॅमेरा पुढेही कित्येक ग्रहणांना नेण्यात आला. नायगमवाला यांचा जेऊरच्या ग्रहणावरील अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१२ मध्ये त्यांच्या निवृत्तीनंतर पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण कोडाईकनालला गेली.