बॅसिलिस्कच्या बिळातले मुंगूस

'हॅरी पॉटर अँड द चेंबर ऑफ सिक्रेट्स' हा मालिकेतला दुसरा चित्रपट २००२ साली आला. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या तळघरातला बॅसिलिस्क त्यात माणूस सहज गिळेल एवढा अजस्र दिसतो. रोमन पंडित प्लिनीच्या नोंदीत मात्र हाच साप बारा अंगुळे, म्हणजे जेमतेम वीतभर आहे.

पहिल्या शतकातल्या आपल्या 'नॅचरल हिस्टरी'त प्लिनी त्याला उत्तर आफ्रिकेतल्या सायरेनाइकाचा रहिवासी ठरवतो. डोक्यावर मुकुटासारखी पांढरी खूण असते म्हणून ग्रीक नाव 'छोटा राजा'. तो वळसे घेत सरपटत नाही, अंग उभारून पुढे सरकतो. त्याच्या फुंकरीने गवत करपते, नजरेने माणूस मरतो. यावर उपाय एकच: त्याच्या बिळात वीझल हा छोटा, चपळ प्राणी सोडायचा. वीझल आपल्या दर्पाने त्याला मारते आणि स्वतःही मरते.

आता हॅरीच्या जिवलग मित्राचे, रॉनचे आडनाव आठवावे: वीझली. त्या कुटुंबाच्या घराचे नाव 'द बरो', म्हणजे बीळ. आणि तळघराचे दार उघडले जाते ते रॉनच्या धाकट्या बहिणीच्या, जिनी वीझलीच्या हातून. हा निव्वळ योगायोग, असे म्हणता येईल. पण सातव्या कादंबरीत रॉनचे वडील आर्थर वीझली यांचा पॅट्रोनस, म्हणजे जादूने उभा केलेला रक्षक, वीझलच्याच रूपात प्रकटतो. म्हणजे आडनावातला प्राणी लेखिका जे. के. रोलिंग यांच्या मनात पक्का होता. कोंबड्याच्या आरवण्याने बॅसिलिस्क मरतो ही जुनी समजूत त्यांनी कथेत उघडपणे वापरली; ती रोमन लेखक एलियनकडे सापडते. इतके जुने साहित्य हाताशी असणाऱ्या लेखिकेच्या नजरेतून प्लिनीचे वीझल निसटले असेल, हे पटत नाही.

पण वीझल सापाचे वैरी झाले कसे? लांबट अंग, आखूड पाय, विजेची चपळाई: युरोपीय माणसाला मुंगसाचे वर्णन ऐकून आठवेल ते वीझलच. वैर मुंगूस आणि नागाचे, आणि बॅसिलिस्क म्हणजे नाग, हा तर्क जुना आहे आणि सर्वांत सशक्तही. अंग उभारणे नागाचे. डोक्यावरची खूण म्हणजे आपल्याकडच्या नागाच्या फण्यावरचा दहाचा आकडा. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर भारतीय नागाच्या कथा ग्रीकांपर्यंत पोहोचल्याच होत्या. आफ्रिकेतले काही नाग शत्रूच्या डोळ्यांत दुरून विष फवारतात. फुंकर आणि नजर या दोन्ही दंतकथांचे मूळ तिथे असावे.

प्रतिस्पर्धी मत वाळवंटातल्या शिंगवाल्या व्हायपरचे आहे. तो आपल्या घोणस-फुरशाच्या कुळातला. त्याची शिंगे म्हणजे मुकुट, असा दावा. पण तो फुरशासारखा आडवा सरकतो, अंग उभारून चालत नाही. तिथेच तो बाद होतो. नागाच्या बाजूची अडचण एकच, ती लांबीची. वीतभर नाग म्हणजे पिल्लूच. ही वीत बहुधा जमिनीपासून उभारलेल्या भागाची असावी. फणा काढलेल्या नागाचा तेवढाच भाग डोळ्यांत भरतो.

वीझलच्या जागी मूळचे मुंगूसच होते, याचा एक पुरावा वनस्पतींचा आहे. सापाशी झुंजताना वीझल सताप खाते, असे प्लिनी लिहितो. आपल्याकडे मुंगूस सर्पगंधा खाऊन नागाशी झुंजते, अशी समजूत आहे. दोन खंडांत एकच गोष्ट, फक्त झाड आणि प्राणी बदललेले.

सर्वांत मोठा पुरावा मात्र बॅसिलिस्कच्या दुसऱ्या नावात दडला आहे. मध्ययुगात त्याला 'कॉकाट्रिस' म्हणू लागले. 'कॉक' म्हणजे कोंबडा, म्हणून हा कोंबड्याच्या अंड्यातून जन्मलेला साप, असे लोक समजत. पण हे नाव जुन्या फ्रेंचमधून आले, फ्रेंचमध्ये ते लॅटिन 'कॅल्कॅट्रिक्स'वरून आले आणि तो लॅटिन शब्द ग्रीक 'इक्न्यूमॉन'चे भाषांतर: माग काढणारा. इक्न्यूमॉन म्हणजे इजिप्तचे मुंगूस! ते मगरीच्या घशात शिरून तिचे पोट कुरतडते, अशी कथा होती. त्या कथेत मारणारा आणि मरणारा यांची गल्लत झाली. नाव मगरीला चिकटले आणि पुढे सापाला. कोंबडा कथेत आधीपासून शत्रू म्हणून होताच. नावातल्या 'कॉक'च्या नादसाम्याने त्याला सापाचा बाप केले. १४७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात अंडे घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्याला खटला चालवून जाळण्यात आले, ते अशा अंड्यातून बॅसिलिस्क निघेल या भीतीपोटी.

थोडक्यात, बॅसिलिस्कच्या कुळात नाग आहे, पण त्याची ओळख पटते ती मुंगसामुळे. इंग्रजीने 'मंगूस' हा शब्द घेतला तोही मराठीतूनच. रोलिंग यांनी वीझलला बॅसिलिस्कच्या बिळात सोडले नाही, आडनावात ठेवले. मालिकेच्या २०११ सालच्या शेवटच्या चित्रपटात बॅसिलिस्कचे दात आणण्यासाठी तळघराचे दार पुन्हा उघडावे लागते, तेव्हाही ते उघडणारा रॉन वीझलीच असतो.