आर्ट कॉलेजचा दरवाजा उघडला कुणासाठी होता?

बारावीनंतर आर्टला जायचं म्हटलं की घरचे विचारतात, "पुढे करणार काय?" आणि आपण मनातल्या मनात विचारत असतो, "मला घेतील का?" आजचा भाग या दुसऱ्या प्रश्नावर. मी वसईचा, त्यामुळे गोष्ट मुंबईला जाऊन शेवटी आपल्या पालघर जिल्ह्यात परत येणार आहे.

सुरुवात करू जे.जे.पासून. सर जमशेटजी जीजीभॉय हे मुंबईचे मोठे पारशी व्यापारी. चीनशी कापूस आणि अफूचा व्यापार करून त्यांनी अफाट पैसा कमावला. १८५३ मध्ये त्यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि २ मार्च १८५७ ला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचा वर्ग सुरू झाला.

आता गंमत बघा. ही शाळा 'आर्टिस्ट' घडवायला काढलीच नव्हती. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात भारतीय कारागिरीचं कौतुक झालं होतं, पण इकडे गिरणीच्या मालापुढे तेच कारागीर मागे पडत होते. त्यांच्या हाताला शिक्षण द्यायचं, हा मूळ हेतू. १८६६ मध्ये तीन कार्यशाळा निघाल्या: सजावटीची रंगकला, मूर्तिकाम आणि लोखंडी नक्षीकाम. मूर्तिकाम लॉकवूड किपलिंगकडे होतं. 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डचे ते वडील. कधी सीएसएमटीला गेलात तर मान वर करून दगडातली पानं, पक्षी, प्राणी बघा. त्या कोरीवकामात जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

मग अडलं कुठे? अभ्यासक्रम आला लंडनच्या साउथ केन्सिंग्टनहून. आधी बाह्यरेषा, मग छायाप्रकाश, समोर ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे. सगळं पायरीपायरीने आणि कागदावर. ज्याचा हात बापाच्या दुकानात छिन्नी धरून तयार झाला होता, त्याला हे परकं होतं. हळूहळू वर्गात शिकलेल्या घरांतली मुलं वाढली आणि कारागिरांची मुलं कमी होत गेली. ज्यांच्यासाठी दरवाजा केला, तेच बाहेर राहायला लागले.

तरी काही जण आत आलेच. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१. घरात गणपती बनवायचे. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज कलेक्टरने पाहिलं आणि मदत करून त्यांना जे.जे.त पाठवलं. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पण विचार करा, कलेक्टर त्या भिंतीसमोरून गेलाच नसता तर? एका साहेबाच्या नजरेवर सगळं अवलंबून असणं, यापेक्षा सर्वांना एकच परीक्षा बरी, असं मला तरी वाटतं.

पण परीक्षा घेणारेही चुकतात. आर. के. लक्ष्मण यांनी म्हैसूरहून जे.जे.कडे अर्ज केला होता. नकार आला. पुढे तोच माणूस मुंबईत देशाचा 'कॉमन मॅन' काढत राहिला, आणि त्याच जे.जे.ने त्यांना पाहुणा म्हणून बोलावलं!

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. डहाणू तालुक्यातलं गंजाड. वारली लग्नात भिंतीवर चौक लिहायचा तो बायकांनी, तांदळाच्या पिठाने. हे काम जिव्या सोमा मशे यांनी उचललं आणि लग्न नसतानाही ते रोज चित्रं काढू लागले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी तिथे पोचले. हे स्वतः जे.जे.त शिकलेले चित्रकार. त्यांनी मशेंच्या हाती कागद दिला आणि ती चित्रं बाहेरच्या जगापर्यंत नेली. १९७६ मध्ये मशेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. कॉलेजात शिकलेला माणूस कॉलेज न पाहिलेल्या माणसाकडे गेला, त्याला चित्र शिकवायला नाही, तर त्याचं काम लोकांना दाखवायला.

मग आजच्या परीक्षेचं काय? शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल, तर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द ओळखीचे असतील. राज्याच्या कला सीईटीतही हेच तीन भाग असतात आणि सोबत सामान्यज्ञान. ही सगळी त्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची नातवंडं! म्हणजे ही परीक्षा तुमच्यात कला आहे का, हे सांगत नाही. एक ठराविक पद्धत ठराविक वेळेत जमते का, एवढंच बघते. आणि पद्धत सरावाने जमते.

म्हणून सांगतो, घड्याळ लावून बसा. घरातली बादली, कांदे, घडी पडलेलं फडकं समोर ठेवा आणि काढा. स्मरणचित्रासाठी विरार लोकलइतकी माणसं दुसरीकडे कुठे मिळणार? पापडीचा बाजार आहे, अर्नाळ्याला होड्या आहेत. बघून या आणि घरी येऊन आठवणीने काढा. पात्रतेचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, मित्राच्या फॉरवर्डवर जाऊ नका. आणि फक्त जे.जे.च डोक्यात धरू नका. आपल्या वसईतही वसई विकासिनीचं दृश्यकला महाविद्यालय आहे.

आणखी एक. आई रांगोळी काढत असेल, काका गणपती रंगवत असतील, आजी चौक लिहीत असेल, तर ते 'घरचं काम' म्हणून बाजूला ठेवू नका. त्यांच्याजवळ बसा, विचारा, हात चालवून बघा. जमशेटजींनी पैसे दिले होते ते याच हातांसाठी.

तुमच्या घरात असं कोण आहे? आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!