व्हिसोत्स्की, व्ह्लदीमिर

(२५ जानेवारी १९३८–२५ जुलै १९८०). रशियन कवी-गायक व नट. जन्म मॉस्को येथे. स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून त्याने मॉस्को आर्ट थिएटरच्या नाट्यविद्यालयात प्रवेश घेतला व १९६० मध्ये तेथील शिक्षणक्रम पूर्ण केला. १९६४ पासून अखेरपर्यंत तो यूरी ल्युबीमॉव्हच्या टागांका नाट्यगृहात होता.

गीत, चाल, गायन व सप्ततंत्री गिटारची साथ ही सर्व त्याची स्वतःची. चाली साध्या, मोजक्या स्वरांच्या; परंतु घोगऱ्या आवाजात स्वरांऐवजी व्यंजने ताणण्याच्या लकबीमुळे त्यांना विलक्षण नाट्यमयता येई. प्रत्येक गीत हे कोणा पात्राचे स्वगतच असते. युद्धसमाप्तीच्या वेळी अवघ्या सात वर्षांच्या असलेल्या ह्या कवीने आपल्या बाजूने युद्ध केले असावे, असे अनेक माजी सैनिकांना वाटे, ते ह्यामुळेच.

सहाशेहून अधिक गीते रचूनही हयातीत सोव्हिएट संघात त्याच्या गीतांची स्वतंत्र दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली नाही. अधिकृतपणे श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग उरले ते चित्रपट व रंगभूमी. *व्हर्तिकाल* (१९६७) ह्या गिर्यारोहणविषयक चित्रपटातील गीते गाजली आणि १९६८ मध्ये सरकारी ‘मेलोदिया’ने त्यांची छोटी ध्वनिमुद्रिका काढली. मात्र हाही मार्ग बेभरवशाचा होता. रॉबिन हुडवरील चित्रपटासाठी (१९७५) त्याने रचलेली पोवाडावजा गीते ऐनवेळी गाळण्यात आली. त्यांतील काही त्याच्या मृत्यूनंतर, १९८३ च्या आयव्हॅन्होवरील चित्रपटात ऐकू आली. *ॲलिस इन वंडरलँड*च्या ध्वनिनाट्यासाठी त्याने लिहिलेली गीते तेवढी दीर्घ ध्वनिमुद्रिकेवर आली. १९७७ मध्ये फ्रान्समध्येही त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. खरा प्रसार झाला तो घरोघरी नकलून घेतलेल्या ध्वनिफितींमुळे. त्यांवर कोणाचेही नियंत्रण नव्हते.

रंगभूमीवरील त्याची *हॅम्लेट*ची भूमिका (१९७१) विशेष उल्लेखनीय. प्रयोगाच्या आरंभी तो गिटार घेऊन पास्तरनाकची ‘हॅम्लेट’ ही कविता गाई. ती ज्या *डॉक्टर झिवागो* कादंबरीतील, ती कादंबरी त्या वेळी सोव्हिएट संघात अप्रकाशित होती.

मॉस्को ऑलिंपिकच्या काळात त्याचे निधन झाले. वृत्तपत्रांनी जेमतेम दखल घेतली, तरी अंत्ययात्रेस हजारोंचा समुदाय लोटला. त्याच्या स्मरणार्थ टागांकाने १९८१ मध्ये बसविलेल्या नाटकावर बंदी आली. पुढे १९८७ मध्ये त्याला मरणोत्तर राज्य पारितोषिक देण्यात आले आणि त्याच वर्षापासून १९९२ पर्यंत ‘मेलोदिया’ने त्याच्या मैफलींच्या एकवीस ध्वनिमुद्रिका काढल्या.